पाचव्या सकाळची मोजणी

आमच्या बियाणे प्रयोगशाळेत रुजलेलं आणि न रुजलेलं यांच्यातलं अंतर दोन मिलिमीटर होतं. ओल्या टिपकागदावर ठेवलेल्या बीमधून मूळ बाहेर आलं आणि दोन मिलिमीटर भरलं, की बी रुजलं. त्याहून कमी असेल तर नाही. मधलं काही नव्हतं, आणि कुणाची रदबदलीही चालत नव्हती, कारण निकाल देणाऱ्या बाई एकच होत्या. त्यांना सगळे चिमटेताई म्हणत.

हे नाव त्यांच्या चिमट्यावरून पडलं होतं. लांब, बारीक टोकांचा, कामाने चकचकीत झालेला तो चिमटा त्यांच्या हातातून सुटायचा तो फक्त चहाच्या वेळी, आणि तेव्हाही केसात खोचलेला असायचा. अर्थात बोलणंही काही कमी बोचरं नव्हतं. मी कामाला लागले त्या दिवशी मी बिया मोजायला घेतल्या, तर त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस ना? मग तू विचार कर. मोजू दे मला."

मला राग यायला फारसं काही लागत नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसले, कारण मी पन्नास बियांच्या बशीत त्रेपन्न मोजल्या होत्या.

ताई आधी नऊ वर्षं बटणांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक नजर, आणि दुसरी प्रत्येक नोंदीसमोर घड्याळातली वेळ लिहायची सवय. तिथे यंत्र बिघडलं तर कितीपासून कितीपर्यंतची बटणं बाद करायची, ते त्या वेळेवरून कळायचं. इथे बियांना वेळेचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "तुझ्या शाईचे पैसे नाही ना लागत?" एवढंच उत्तर मिळालं.

त्यांची खोली लांबट आणि अरुंद होती. एका टोकाला खिडकी, खिडकीखाली पांढरं टेबल, दुसऱ्या टोकाला बिया ठेवायचं उबदार कपाट. ते कपाट दिवसभर एका सुरात घरघरायचं आणि ताई त्याला दार लावताना थोपटायच्या. एका पायाखाली पुठ्ठा घातलेलं स्टूल त्यांचं. त्यावर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपत नसे.

घरी नवरा मालवाहू ट्रक चालवायचा आणि आठवड्यातले पाच दिवस बाहेर असायचा. म्हणजे घरात उरल्या ताई आणि त्यांच्या सासूबाई. दहा मिनिटांच्या अंतरावर दोन खोल्या. या सासूबाईंना जगात काहीच आवडत नव्हतं. चहा फिका, हवा दमट, शेजारी उर्मट, मुलगा बावळट आणि सून शिष्ट. सुनेच्या बाबतीत त्या जेवढ्या कडक, तेवढ्याच पोटच्या मुलाच्या बाबतीत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. त्यांच्याकडे सगळीच कार्टी.

माझं काम म्हणाल तर साधं होतं. जुनं झालेलं टोमॅटोचं बी नीट रुजत नाही. ते पेरण्याआधी एका खनिजाच्या पातळ पाण्यात भिजवलं तर जास्त रुजेल, अशी माझी कल्पना. निम्मं बी त्या पाण्यात भिजवायचं, निम्मं नुसत्या पाण्यात. पहिल्याला आम्ही 'पाजलेलं' म्हणायचो आणि दुसऱ्याला 'साधं'. दोन्हींच्या वीस-वीस बशा कपाटात ठेवायच्या आणि पाचव्या दिवशी सकाळी मोजायच्या. त्या पाचव्या सकाळी बिया भराभर फुटत असतात. माझी तीन वर्षं या पाचव्या सकाळींवर उभी होती.

आठच्या ठोक्याला ताई साध्या बशा घ्यायच्या. कपाटातून एकेक काढायची, झाकण उघडायचं, मोजायचं, लिहायचं, पुढची. साडेनऊपर्यंत साध्या आटोपल्या की चहा. मग चिमटा केसातून काढून, चष्मा पुसून, स्टूल पुढे ओढून म्हणायच्या, "चला, आता बघू तुझी बाळं काय म्हणतात." मग पाजलेल्या बशा. मला हे फार आवडायचं. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला 'तुझी बाळं' म्हणणारं कुणी भेटलं की ते माणूस हुरळणारच.

आकडेही तसेच होते. साधं बी शंभरात अठ्ठावन्न, पाजलेलं एकोणसत्तर. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, सात वेळा जवळपास हेच. अकराचा फरक म्हणजे आमच्या धंद्यात मोठी गोष्ट. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, भेटेल त्याला सांगत सुटले. पाच आठवड्यांनी मोठी परिषद होती, तिथे मी हे मांडायचं ठरलं. त्यानंतर महिन्याभरात प्रयोगशाळेतली एक कायमची जागा भरायची होती. प्रमुखांनी उघड सांगितलं नाही, पण माझ्या टेबलापाशी येऊन, "पडदे कुठल्या रंगाचे हवेत?" असं विचारून गेले. मी मनातल्या मनात पडदे लावूनही टाकले.

आणि अशात एका दुपारी चिमटेताई माझ्यासमोर येऊन बसल्या. स्वतःचं स्टूल घेऊन आल्या होत्या, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"माझी मोजणी धरू नकोस," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"सगळीच. काल तुझ्या बाळांमध्ये एक बी होतं. मूळ जरासं कमी होतं. मी त्याला म्हटलं, 'चल रे, ये ना बाहेर.' आणि रुजलेल्यांत टाकलं."

मी हसले. "ताई, एका बीनं काय होतंय?"

"शितावरून भाताची परीक्षा. काल माझ्या लक्षात आलं. आधी किती वेळा लक्षात आलं नसेल?" त्या चिमट्याच्या टोकाने टेबलावर टकटक करत होत्या. "मला तुझी माया आहे गं. बटणांची नव्हती. म्हणून बटणं बरोबर मोजली जायची."

आता खरं तर या वाक्यावर माणसाने विरघळून जावं. मी भडकले. पाच आठवड्यांवर परिषद, आणि यांना आत्ता माया आठवली! मी म्हटलं, तुमच्यासारखी नजर इथे कुणाची नाही, तुम्ही उगाच मनाला लावून घेता, आणि आणखी बरंच काही. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग एक करू," त्या म्हणाल्या. "कुठली बशी कुठली, ते मला कळूच नये. तुलाही नको. तिसऱ्या कुणीतरी चिठ्ठ्या काढाव्यात आणि बशांवर नुसते आकडे लावावेत."

"कोण काढणार? इथे सगळ्यांना माहीत आहे मला काय हवंय ते. सरांना तर माझ्यापेक्षा जास्त हवंय."

"ज्याला कुणाचंच कौतुक नाही असं माणूस पाहिजे," ताई म्हणाल्या आणि एकदम आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

सोमवारी सासूबाई आल्या. इस्त्रीचं पातळ, काळी पर्स, हातात काठी. दारातच थांबून त्यांनी खोली वरपासून खालपर्यंत पाहिली.

"इथे काम करतेस होय तू? मला वाटलं होतं मोठं काही असेल."

मी त्यांना साध्या आणि पाजलेल्या बियांच्या तयार बशा दाखवल्या. त्यांनी दोन्हींना नाक मुरडलं. मी माझी कल्पना समजावून सांगू लागले, तर हात वर करून म्हणाल्या, "मला नको सांगूस. सांगितलंस की मला एक बाजू वाईट वाटायला लागेल." चाळीस बशांसाठी मी एक ते चाळीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घातल्या. आम्हा दोघींना खोलीबाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं. आतून तासभर नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. बाहेर आल्या तेव्हा प्रत्येक बशीवर फक्त एक आकडा होता, आणि कुठला आकडा कुठल्या बीचा, तो कागद पर्समध्ये. पर्सची चेन बंद.

"अक्षर बघून ओळखशील म्हणून सगळे आकडे डाव्या हाताने लिहिलेत," त्यांनी सुनेला सुनावलं. ताईंच्या चेहऱ्यावर जे कौतुक आलं, ते लपवायला त्या खाली वाकून चप्पल नीट करू लागल्या.

पाचव्या सकाळी ताईंनी एकपासून चाळीसपर्यंत बशा ओळीने मोजल्या. ना चहा, ना 'बाळं'. दहा वाजून पन्नास मिनिटांनी शेवटची बशी झाली. सासूबाई खिडकीपाशी बसून होत्या. त्यांनी पर्स उघडली आणि कागद माझ्या हातात दिला.

मी आकडे लावत गेले. बेरीज केली. पुन्हा केली. साधं बी त्रेसष्ट, पाजलेलं चौसष्ट.

खोटं कशाला बोलू? तो कागद हातात असताना माझ्या मनात आलं की, हे तिघींशिवाय कुणालाच ठाऊक नाही. दहा पावलांवर कचऱ्याचा डबा होता. मी त्या डब्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवली. पण सगळा राग मी समोर जे माणूस होतं त्याच्यावर काढला.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही मला खोटे आकडे दिलेत," मी ताईंना म्हटलं. "माया म्हणे!"

ताई रिकाम्या बशा घेऊन बेसिनपाशी गेल्या आणि धुऊ लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एखाद-दुसरं बी मी लाडानं टाकलं असेल. पण शंभरात अकरा? तेवढी आंधळी नाहीये मी."

"मग अकरा आले कुठून?"

"मला काय माहीत!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

तेव्हा खिडकीपाशी काठी आपटल्याचा आवाज आला.

"नजर चांगली आहे तिची," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या साडीवरचा डाग तिला दुसऱ्या खोलीतून दिसतो. पण रोज आधी काय मोजते ही?"

"साधं," मी म्हटलं. "मग चहा. मग माझं."

"वाटलंच. ती घरीही तशीच. नावडतं आधी उरकून टाकते आणि आवडतं मागे ठेवते, निवांत करायला. सकाळी उठली की पहिला माझा चहा, पहिलं माझं औषध, पहिलं माझं अंथरूण." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "बारा वर्षं मी समजत होते, मला मान देते."

ताईंसमोरचा नळ तसाच वाहत होता. मग ताईंनी तो बंद केला, ओल्या हातांनीच आपली वही ओढली आणि माझ्यासमोर टाकली. सातही मोजण्या. प्रत्येक बशीपुढे वेळ. साध्या बशा आठ ते नऊ पंचवीस. पाजलेल्या पावणेदहा ते अकरा दहा. सातही वेळा.

पाचव्या सकाळी बिया भराभर फुटत असतात हे मला ठाऊक होतं. माझ्या बाळांना दर वेळी पावणेदोन तास जास्त उबेत मिळत होते, हे मात्र मला तीन वर्षांत दिसलं नव्हतं. ताईंनी कुठलं बी ढकलून पास केलं नव्हतं. त्यांनी फक्त आवडतं काम शेवटी ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात खात्री करून घेतली. फक्त साध्या बशा घेतल्या. पाचव्या सकाळी आठला मोजायला सुरुवात केली, बशा होत्या तशा पुन्हा कपाटात ठेवल्या, आणि पावणेदहाला त्याच क्रमाने त्याच बशा पुन्हा मोजल्या. अठ्ठावन्नाचे अडुसष्ट झाले होते. पाण्यात काही जादू नव्हती. घड्याळात होती.

मी ताईंच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली. नीट, तोंडावर, खोटे आकडे हा शब्द परत घेऊन. त्या म्हणाल्या, "ठीक आहे गं. पण मलाही तो शब्द दोन दिवस झोंबला." मग चहा केला, आणि आधी सासूबाईंना द्यायला निघाल्या. मधेच थबकल्या, परत फिरल्या आणि पहिला कप माझ्यासमोर ठेवला. सासूबाईंना शेवटचा दिला.

"फिका आहे," सासूबाई म्हणाल्या आणि सगळा प्यायल्या.

मग मी वही घेऊन प्रमुखांना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकलं. वही पाहिली. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"अरे बापरे. माझ्याही मोजण्या त्यांनीच केल्यात. दहा वर्षांच्या."

आम्ही दोघं जवळजवळ धावतच ताईंच्या खोलीत गेलो. ताईंनी चिमटा खाली ठेवला आणि त्यांना धीर दिला. "तुमच्यात काही गडबड नाही, सर. तुमच्या बशा मी दोन्हीकडच्या आलटूनपालटून घेऊन नऊच्या आत संपवायचे."

सरांना हायसं वाटावं की वाईट, ते त्यांचं त्यांनाच कळेना. पण त्या दिवसापासून प्रत्येकाच्या प्रयोगाला चिठ्ठ्या काढायच्या, असा त्यांनी नियम केला. आणि चिठ्ठ्या काढायला दर सोमवारी सासूबाई येऊ लागल्या. येताना त्या प्रत्येकाला नावं ठेवत यायच्या, त्यामुळे निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका उरली नाही.

परिषदेत मी उभी राहिले आणि दोन आकडे दाखवले. अठ्ठावन्न आणि अडुसष्ट. मग सांगितलं की, हे दोन्ही एकाच साध्या बीचे आहेत, आणि मधे काय घडलं ते सांगितलं. लोक हसले. हसणं थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजाऱ्याला विचारलेलं मला मंचावर ऐकू आलं, "आपल्याकडे आधी काय मोजतात हो?" शेजाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्यांच्या मागच्यालाही नव्हतं. त्या संध्याकाळी चहाच्या टेबलावर माझ्याशी जेवढी माणसं बोलली, तेवढी अकरा टक्क्यांसाठी नक्कीच बोलली नसती. तरी खोलीवर परत आल्यावर मी रडले. तीन वर्षं ही तीन वर्षंच असतात, आणि पडदेही मनात लावून झाले होते.

राहिली ती कायमची जागा. दुसरा उमेदवार हुशार होता आणि त्याच्या हातात खरंखुरं यश होतं. प्रमुख पेचात पडले. त्यांची पद्धत अशी की, माणूस घ्यायचं असेल तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारायचं. माझ्याबरोबर सगळ्यात जास्त कोणी काम केलं होतं, ते उघडच होतं.

ताईंनी सरळ नकार दिला. "तिच्याबद्दल मला विचारू नका," त्या म्हणाल्या.

मला हे कळलं तेव्हा माझ्या नाकावरचा राग पुन्हा जागेवर आला. दोन बरे शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी तावातावाने त्यांच्या खोलीत गेले. त्या मोजत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मी चांगलंच बोलले असते. मग त्याला काय किंमत राहिली असती? मी सरांना म्हटलं, सासूबाईंना विचारा."

"सासूबाईंना! ताई, त्यांना मी अजिबात आवडत नाही!"

"म्हणूनच."

मी डोक्याला हात लावला. त्या बाईंनी आजवर कुणाबद्दल चांगला शब्द काढल्याचं ऐकिवात नव्हतं. आता दुसरीकडे अर्ज करायला हवेत, असा विचार करत मी टेबल आवरायलाही घेतलं.

सोमवारी चिठ्ठ्या काढून झाल्यावर प्रमुखांनी त्यांना आपल्या खोलीत नेलं. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता काठी टेकत निघून गेल्या. थोड्या वेळाने सर आले आणि माझ्या टेबलाच्या कडेला टेकून उभे राहिले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, पोरगी तापट आहे. जिभेला हाड नाही. चहा पिऊन कप तसाच ठेवते. कपडे धड घालत नाही." सर बोटांवर मोजत होते. "मी म्हटलं, आजी, म्हणजे घेऊ नको ना? तर म्हणाल्या, मी असं कुठे म्हटलं? त्या दिवशी तो कागद हातात असताना तिनं कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. मी बघत होते. बराच वेळ पाहिलं. आणि मग कागद टेबलावर ठेवला."

मी टेबलावरचा चहाचा कप हळूच मागे सरकवला.

"कुठला कागद ते मला नीट कळलं नाही," सर म्हणाले, "पण म्हातारीनं कुणाच्या बाजूने एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या सोमवारपासून कायम झालीस तू. पडदे मात्र स्वतः आण."